ताटांतील आवडनिवड

मागच्या महिन्यांत उपदेशकांची सभा आटोपल्यावर जेवणाची पंगत बसली होती. एका तरुण बंधूच्या ताटांत कारल्याची भाजी पडली. ती त्यानें हळूच बाजूस सारली. शेजारीं बसलेले एक वृद्ध उपदेशक त्याला म्हणाले, "अन्नाला नांव ठेवूं नये, बाळ, पाप लागतें." त्या तरुणानें नम्रपणें उत्तर दिलें, "बाबा, मीं नांव ठेविलें नाहीं. मला ती आवडत नाहीं, एवढेंच." मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, "पाळकसाहेब, एखादी वस्तु न आवडणें हेंहि पाप आहे काय?" पंगतींत हशा पिकला, वाढपी पुढें गेला आणि प्रश्न तेथेंच राहिला. परंतु आमच्या मनांतून तो गेला नाहीं. आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट आठवली होती. ती पुढें सांगूं.

हा विषय पत्रांत लिहिण्याजोगा आहे काय, असें कोणी म्हणेल. कोणाला सकाळीं भाकरी लागते, कोणाला चहापाव. कोणाचा जीव पुरणपोळींत, कोणाचा शेवयांच्या खिरींत. यांत नीति कसली आणि अनीति कसली? कर्ज, दारू, हुंडा, भाऊबंदकी असे मोठे प्रश्न दाराशीं उभे असतां पाळकानें ताटांत डोकावण्याचें कारण काय? यावर आमचें उत्तर असें कीं, मोठे प्रश्न माणसापुढें क्वचित् येतात. ताट मात्र रोज दोनदां येतें. ज्या गोष्टी आपण विचार न करतां रोज करतों त्यांतच आपला स्वभाव घडत असतो. शिवाय घरांत कोणाच्या आवडीचें शिजतें, कोणाच्या नावडीकडे लक्ष दिलें जातें, आणि कोणाला कोणी कधीं विचारीतच नाहीं, हें पाहिलें म्हणजे त्या घरांतील प्रीतीचें व सत्तेचें माप चटकन् कळतें. म्हणून वाचकहो, थोडा वेळ आमच्याबरोबर या पंगतीस बसा.

प्रथम त्या तरुणाच्या प्रश्नाचें सरळ उत्तर देऊं. न आवडणें हें पाप नव्हे. उत्पन्नकर्त्यानें एकच धान्य, एकच फळ व एकच चव निर्माण केली असती तरी आपली भूक भागली असती. परंतु त्यानें आंबट, तुरट, तिखट, कडू व गोड असे नाना स्वाद निर्माण केले, आणि त्यांचा भेद माणसाच्या जिभेला कळूं दिला. ज्यानें जीभ दिली तो तिच्या आवडीवर रागावेल असें आम्हांस वाटत नाहीं. कित्येकांच्या आवडीनिवडीला तर शरीराचेंच कारण असतें. मोठेपणीं दूध न पचणारीं माणसें आपल्या देशांत पुष्कळ आहेत. त्यांनीं दुधाचा पेला परत केला तर तो नखरा नव्हे. कोणाला शेंगदाणे खाल्ले असतां अंगावर गांधी उठतात. मधुमेह झालेल्या आजोबांनीं जिलबी नाकारली तर तो यजमानाचा अपमान नव्हे. अशा माणसाला "आजच्या दिवस घ्याच" म्हणून आग्रह करणें यांतच दोष आहे.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आवड ही सगळी जन्माबरोबर येत नाहीं. गोडाची ओढ व कडूचा तिटकारा तान्ह्या मुलांतहि दिसतो. बाकीच्या बहुतेक आवडी घरानें, गांवानें व संवयीनें लाविलेल्या असतात. आई जें खाते त्याचा स्वाद तिच्या दुधांत उतरतो, आणि मूल अंगावर पीत असतांनाच घरच्या चवीची ओळख करून घेतें, असें या विषयाचे अभ्यासक सांगतात. मुलानें एखादी नवी भाजी पहिल्यानें थुंकून टाकिली तरी तीच थोडी थोडी आठदहा वेळां पुढें ठेविली असतां तें बहुधा खाऊं लागतें. यावरून असें दिसतें कीं, आवड शिकतां येते व शिकवितांहि येते. आणि जें शिकतां येतें त्याबद्दल माणूस कांहीं अंशीं जबाबदार असतो. म्हणून खरा प्रश्न "मला काय आवडतें" हा नसून, "माझ्या आवडीला मी कोठवर जाऊं देतों" हा आहे.

आवडीचें स्वातंत्र्य केवढें असावें याविषयीं पंडिता रमाबाईंचें उदाहरण आम्हांस नेहमीं आठवतें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा व त्यांच्या लहान मुलीचा बाप्तिस्मा झाला. तेथील धर्मभगिनींच्या आश्रयास त्या होत्या. तरी त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. त्यांच्या हितचिंतकांपैकीं कांहींना यांत जुन्या जातीचा अभिमान दिसला, आणि त्यावरून पत्रव्यवहारहि झाला. त्या पत्रव्यवहारांत पुडिंगासारख्या गोड पदार्थाचा सुद्धां उल्लेख येतो! रमाबाईंच्या वागण्याचा अर्थ आम्ही असा समजतों कीं, ख्रिस्ताचें होणें म्हणजे इंग्रजांचें ताट उचलणें नव्हे. याच बाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतील उपाशी मुली गोळा करून आणिल्या व पुढें केडगांवीं त्यांना आसरा दिला. स्वतःच्या ताटांत काय असावें याविषयीं त्या काटेकोर होत्या. आपल्या पंगतीस कोण असावें याविषयीं नव्हत्या.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या काळांत सोवळें-ओवळें व शिवाशीव यांविषयीं त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली हें त्यांच्या "स्मृतिचित्रें" या ग्रंथाच्या वाचकांस ठाऊक आहे. पतीच्या आज्ञेनें त्यांनीं सोवळें टाकिलें नाहीं. माणसामाणसांत असा भेद देवानें केलेला नाहीं, अशी स्वतःची खात्री पटल्यावर त्यांनीं तें सोडलें.

या दोन बायांची उदाहरणें एकमेकींविरुद्ध आहेत असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. एकीनें जुना आहार राखिला आणि दुसरीनें जेवणाचा जुना नियम मोडिला. परंतु दोघींचें शिक्षण एकच आहे. नावड निराळी आणि विटाळ निराळा. "मी हें खात नाहीं" असें म्हणण्याचा सर्वांस अधिकार आहे. "तूं हें खातोस म्हणून तूं हलका" किंवा "तुझ्या हातचें म्हणून मी खात नाहीं" असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. रोम येथील मंडळीस लिहितांना पौलानें हीच गोष्ट सांगितली आहे. त्या मंडळींत कोणी सर्व कांहीं खात, कोणी केवळ शाकभाजी. त्यानें कोणाचेंहि ताट बदलविलें नाहीं. एकमेकांना तुच्छ लेखूं नका व दोषी ठरवूं नका, एवढीच मागणी केली.

येथपर्यंत आवड निर्दोष ठरली. आतां ती केव्हां बिघडते तें पाहूं. आणि यासाठीं आमचीच गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रवरेच्या बाजूच्या एका गांवीं उपासनेनंतर आम्ही एका सुखवस्तु घरीं जेवलों. गव्हाच्या पोळ्या होत्या, तूप होतें, शिरा होता. घरच्या बाईंना बरें वाटावें म्हणून आम्ही म्हणालों, "शिरा आम्हांस फार प्रिय; आणि खरें सांगावयाचें तर बाजरी आम्हांस बाधते." बाजरी आम्हांस बाधत नव्हती. लहानपणीं तीच खाऊन आम्ही वाढलों. वसतिगृहांत व सेमिनरींत राहून मऊ पोळीची संवय लागली होती एवढेंच; आणि शिकलेल्या माणसाला बाजरी बाधते असें म्हणण्यांत आम्हांस थोडा मोठेपणाहि वाटत असावा. आमचें बोलणें तेथेंच संपलें असें आम्हांस वाटलें. परंतु पाळकाचें बोलणें घरांत राहत नसतें; तें गांवभर जातें.

दोन महिन्यांनीं त्याच गांवीं मंडळींतील एका विधवा बाईंनीं आम्हांस जेवावयास बोलाविलें. त्या शेतमजुरी करून दोन नातवंडांना वाढवीत होत्या. ताटांत गव्हाच्या तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर शिरा होता, वर तूप. आम्ही एकटेच जेवावयास बसलों. मुलें दारापाशीं उभीं होतीं. "त्यांचं झालंय," असें बाई म्हणाल्या. आम्ही जेवलों आणि शिऱ्याची स्तुति केली. निघतांना धाकटा नातू रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर आला व मोठ्या कौतुकानें सांगूं लागला, "तुम्हाला बाजरी बाधती ना, म्हणून आजीनं बाजारात कोंबडी इकली. गहू आणला, तूप आणलं. आता अंडं नाही." त्या मुलानें तक्रार केली नव्हती. घरची बातमी सांगितली होती.

वाचकहो, ती कोंबडी अंडीं देणारी होती. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात, असें आम्हीच भगिनींच्या सभेंत आरोग्यावर बोलतांना सांगत असूं. सकाळीं भाकरीबरोबर तें मूल जें अंडें खात असे त्याचा आमच्या वाटींतील शिरा झाला होता. आम्हीं चोरी केली नव्हती. कोणाजवळ कांहीं मागितलेंहि नव्हतें. फक्त आपली आवड बोलून दाखविली होती, आणि तीहि अर्धी खोटी.

यांतून आम्ही पहिला धडा शिकलों तो असा. आवडीचें वजन बोलणाऱ्याच्या स्थानाप्रमाणें वाढतें. लहान मुलानें "मला लाडू आवडतो" म्हटलें तर ती इच्छा असते. घरधन्यानें तसें म्हटलें तर ती सूचना होते. पाळकानें, गुरुजींनीं, सासूनें किंवा जांवयानें म्हटलें तर ती आज्ञा होते, मग तसें त्यांच्या मनांत असो वा नसो. ज्याच्या शब्दाला मान आहे त्यानें आपली आवड जपून उच्चारावी.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. पुढच्या खेपेस त्याच बाईंनीं बोलाविलें तेव्हां आम्हीं आधींच निरोप पाठविला कीं, बाजरीची भाकरी व ठेचा याखेरीज कांहीं करूं नये. आम्हांस वाटलें, ही नम्रता झाली. आम्ही घरीं पोहोंचलों तों बाईंचा चेहरा उतरलेला. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझ्या हातचं गोड तुम्हाला चाललं नाही का? का गरिबानं कुणाला गोड घालायचंच नाही?" तेव्हां आमचे डोळे उघडले. पहिल्यानें आम्हीं त्यांची कोंबडी घेतली होती. आतां त्यांचा देण्याचा आनंद घेत होतों. दोन्ही वेळां विचार आम्हीं आमच्याच ताटाचा केला होता. शेवटीं आम्ही म्हणालों, "आक्का, तुम्ही जें कराल तें आम्ही खाऊं. पण मुलें आमच्याबरोबर बसतील, तुम्हीहि बसाल, आणि एकाच भांड्यांतलें सर्वांना वाढाल." त्या दिवशीं पिठलें-भाकरी झाली, आणि वर गुळाची लापशी, प्रत्येकाच्या वाट्यास चार घांस. इतकी चांगली लापशी आम्हीं त्यापूर्वीं खाल्ली नव्हती. नाताळांत आम्हीं त्यांना एक तलंग नेऊन दिली. तिच्या पहिल्या अंड्यांपैकीं दोन बाईंनीं आम्हांसच पाठविलीं.

आवड बिघडण्याची दुसरी रीत म्हणजे ती दुसऱ्यास हिणविण्याचें साधन होणें. गव्हाची पोळी प्रतिष्ठेची आणि ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबीची, अशी समजूत आमच्या गांवांतून पुष्कळ वर्षें चालत आली आहे. शाळेंत डबा उघडतांना भाकरी झांकून खाणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्या मुलांत एके काळीं आम्हीहि होतों. पुढें काय झालें तें पाहा. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादि भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळिलें. शहरांतील मोठ्या दुकानांतून तेंच पीठ आतां सुंदर पिशव्यांत विकलें जातें, आणि पाहुण्यांपुढें भाकरी ठेवणें हें भूषण झालें आहे. धान्य तेंच आहे. खाणारा बदलला म्हणून त्याचा मान बदलला. यावरून समजावें कीं, ज्याला आपण आवड म्हणतों ती पुष्कळदां लोक काय म्हणतील याची भीति असते.

तथापि जुनें तेवढें सोनें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आम्हीं आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकिल्या आहेत. माणसें दिवसभर खडी फोडीत, कामावर मिळणारी सुकडी खात, आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची भाकरी करीत. ती कोणास आवडत नव्हती. तरी सर्व खात, कारण दुसरें कांहीं नव्हतें. ज्यांनीं अशी भाकरी नाइलाजानें खाल्ली त्यांच्यापुढें उभें राहून "तुमचें जेवण किती साधें व पौष्टिक होतें" अशी वाखाणणी करणें हा निष्ठुरपणा आहे. उणीव हा सद्गुण नव्हे. आवडनिवड करतां येणें ही सुद्धां एक देणगी आहे, आणि ती पुष्कळांस अजून मिळालेली नाहीं, हें ध्यानांत ठेवून आपण आपल्या आवडीबद्दल उपकार मानावे.

तिसरी रीत म्हणजे आवड धनीण होणें व माणूस तिचा चाकर होणें. पवित्र शास्त्रांत याचीं उदाहरणें ठळक आहेत. इसहाकाला शिकारीचें मांस रुचत असे, आणि शास्त्र स्पष्ट सांगतें कीं, त्या रुचीमुळें त्याची माया एसावावर होती. एका बापाच्या जिभेनें दोन भावांत भेद उत्पन्न केला. त्याच एसावानें पुढें डाळीच्या एका जेवणासाठीं आपला वडीलपणा विकला. मिसर देशांतून सुटलेले इस्राएल लोक रानांत कशासाठीं रडले? तेथील मासळी, कांकड्या, खरबुजें, कांदे व लसूण यांसाठीं. गुलामगिरी ते विसरले, कांदे विसरले नाहींत. उलट दानिएल व त्याचे सोबती यांनीं राजाच्या पंक्तीचें पक्वान्न सोडून दहा दिवस शाकभाजी व पाणी यांवर काढिले, आणि ते कोमेजले नाहींत. जिभेला "आज नको" असें म्हणतां आलें पाहिजे, तरच माणूस स्वतंत्र आहे असें समजावें.

आतां न्याहारीविषयीं दोन शब्द; कारण जिभेची चाकरी हल्लीं तेथूनच सुरू होते. पूर्वीं आमच्या घरीं सकाळीं शिळी भाकरी व ताक, किंवा भाकरी, शेंगदाण्याची चटणी व कांदा अशी न्याहारी असे. हिवाळ्यांत कधीं हुलग्याचें माडगें. आतां पुष्कळ घरीं मुलें गोड चहांत बिस्किटें बुडवून शाळेस जातात. आईला पहांटे कामावर जावयाचें असतें, बिस्किटाचा पुडा स्वस्त मिळतो, मूल हट्ट करीत नाहीं. यासाठीं आम्ही कोणा आईस दोष देत नाहीं. परंतु बिस्किटांत मुख्यतः मैदा, साखर व तेल असतें. तेवढ्यावर पोरानें दुपारपर्यंत अभ्यास कसा करावा? उलट बाजरींत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह असतें. आणि नाचणींत, दर १०० ग्रॅमांत, सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो, म्हणजे हाडांस लागणारा पदार्थ. भिजविलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे, उरलेल्या भाकरीचा कुस्करा, एखादें अंडें, हीं कोठें दूर शोधावीं लागत नाहींत. एक गोष्ट आणखी. जेवणाबरोबर चहा घेतला असतां अन्नांतील लोह अंगीं कमी लागतें. लिंबू किंवा आंवळा घेतला असतां अधिक लागतें. म्हणून भाकरीवर लिंबू पिळावें आणि चहा तासाभरानें घ्यावा. यांत खर्च कांहीं नाहीं. केवळ संवय बदलावी लागते.

गोडाविषयीं आम्ही कडू बोलणार नाहीं. नाताळांतील करंजी, पोळ्याची पुरणपोळी, आषाढांतील कापण्या, मुलाच्या बाप्तिस्म्याचे पेढे, यांवांचून आयुष्य फिकें होईल. सण हे गोडानेंच मुलांच्या आठवणींत राहतात. परंतु सणाचें गोड रोजचें झालें म्हणजे सण मरतो आणि आजार जन्मतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर आहारशक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी. मोठ्या माणसास हें सुमारें ५० ग्रॅम, म्हणजे बारा लहान चमचे होतात. गूळहि यांतच मोजावा. दिवसांतून पांचसहा कप गोड चहा घेणाऱ्या आमच्या बंधूंनीं आपले चमचे एकदां मोजून पाहावे. आम्हीं मोजले, आणि त्या दिवसापासून घरोघरच्या भेटींत अर्ध्या साखरेचा चहा मागण्याचें धैर्य केलें. ही आवड मात्र बोलून दाखविण्यास हरकत नाहीं. हिच्यानें कोणाची कोंबडी विकली जात नाहीं.

शेवटीं ज्या गोष्टीनें आमचें मन सर्वांत अधिक टोंचलें ती सांगतों. वर लिहिलेल्या गोष्टीनंतर आम्ही घरोघरीं एक प्रश्न विचारूं लागलों: "तुमच्या घरीं कोणाला काय आवडतें?" मुलांचें सांगतात, बाबांचें सांगतात, सासऱ्यांचें सांगतात, दूर नोकरीस असलेल्या मुलाचें तर डोळ्यांत पाणी आणून सांगतात. "आणि आईला काय आवडतें?" असें विचारलें म्हणजे सारे एकमेकांकडे पाहतात. "तिला सगळं चालतं," असें उत्तर येतें. चालणें आणि आवडणें या दोन गोष्टी एक आहेत काय? जी सर्वांच्या आवडी तोंडपाठ ठेविते तिची आवड घरांत कोणासच ठाऊक नसावी, हें आम्हांस भयंकर वाटलें. पुष्कळ घरांतून तीच शेवटीं जेवते. भाजी संपलेली असते, भाकरी निवालेली असते, आणि भांड्यास लागलेलें तेंच तिचें कालवण असतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. या रोगास इतरहि कारणें आहेत हें खरें. परंतु जिला ताटांत उरलेलें मिळतें तिच्या अंगीं रक्त कोठून यावें?

आम्ही दुसऱ्यांच्या घरीं विचारीत फिरत होतों. स्वतःच्या घरीं विचारावयास आम्हांस सहा महिने लागले. आमच्या लग्नास तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. एके रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं पत्नीस विचारलें, "तुला जेवणांत काय आवडतें?" ती हंसली. मग बराच वेळ गप्प राहिली. कारण विचार करावा लागला. शेवटीं म्हणाली, "गरम भाकरी. तव्यावरून उतरलेली."

जी रोज पंधरा भाकऱ्या भाजते तिला गरम भाकरी आवडते, आणि ती तिला मिळत नाहीं. हें आमच्या डोळ्यांदेखत एकोणीस वर्षें चाललें होतें. दुसऱ्या सकाळीं आम्ही शेगडीपाशीं उभे राहिलों. भाकरी आम्हांस थापतां येत नव्हती. ती कांठानें फाटली, मध्यें जाड राहिली व एका बाजूस करपली. परंतु ती गरम होती. आमच्या मुलीनें आईला पाटावर बसविलें, आम्हीं तव्यावरून ताटांत वाढली, आणि पत्नीनें ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. तेव्हांपासून आमच्या घरीं पहिली गरम भाकरी आळीपाळीनें एकेकास मिळते, आणि भाजणारीची पाळी कोणी चुकवीत नाहीं.

तर बंधूंनो व भगिनींनो, त्या तरुण उपदेशकास व आपणां सर्वांस आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. न आवडणें पाप नव्हे. तुम्ही कारलें खुशाल बाजूस सारा, पण तें ताटांत पडण्यापूर्वींच "नको" म्हणा, म्हणजे अन्न वायां जाणार नाहीं. गांवोगांव फिरतांना पुढें वाढलेलें आनंदानें खा, परंतु त्या घरचीं मुलें जेवलीं काय हें आधीं पाहा. आपली आवड सांगण्यापूर्वीं, ती पुरविण्याचा भार कोणावर पडेल याचा विचार करा. दुसऱ्याच्या ताटाला हंसूं नका, आणि आपल्या ताटाची लाज धरूं नका. मुलांना नवी चव पुनः पुनः द्या. आणि हें पत्र वाचून झाल्यावर, आजच, घरांत ज्या माणसाला कोणी कधीं विचारीत नाहीं त्याला एकदां विचारा: "तुम्हांला काय आवडतें?" कदाचित् ती आई असेल, कदाचित् सून, कदाचित् दांत पडलेले आजोबा, कदाचित् कामावर ठेविलेलें पोर. उत्तर चटकन् आलें नाहीं तर थांबा. त्यांना आठवावें लागेल.

मरणांतून उठल्यावर प्रभु समुद्राच्या कांठीं आला तेव्हां त्यानें रात्रभर राबलेल्या शिष्यांसाठीं स्वतः विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेविली होती. त्यांना न्याहारीस बोलाविण्यापूर्वीं त्यानें एक प्रश्न केला होता: तुमच्याजवळ खावयास कांहीं आहे काय? आणि त्यांनीं धरलेल्या मासळींतूनहि थोडी आणा, असें तो म्हणाला. त्या न्याहारींत त्याचें होतें आणि त्यांचेंहि होतें. आधीं विचारणें, मग वाढणें, आणि दुसऱ्याचें देणेंहि मानानें घेणें, एवढें आमच्या घरांतून व मंडळ्यांतून साधलें तर आवडीनिवडीचा प्रश्न आम्हांस जड जाणार नाहीं.